एकमेकांत अडकणारे बिडाचे ग्रेट बार : भट्टीच्या जाळीचा आराखडा कसा करावा

भट्टीच्या तोंडातून आत बघितल्यावर जाळीचे सगळे बार, म्हणजे ज्यांच्यावर सरपण जळतं त्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पट्ट्या, एका पातळीत दिसायला हवेत. मधले चार बार उंटाच्या पाठीसारखे वर आलेत, शेजारच्या दोघांत बोट जाईल एवढी फट पडलीय आणि खाली राखेच्या खड्ड्यात राखेपेक्षा जळायचा राहिलेला कोळसाच जास्त साचलाय, असं दिसलं की मालक आधी फौंड्रीवाल्याला फोन लावतो. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा ओतकामात नसतो. तापल्यावर बाराला वाढायला जागा लागते आणि ती आराखड्यात ठेवलेलीच नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एकमेकांत अडकणाऱ्या बारांची पहिली जाळी काढली, तेव्हा खाचा अगदी घट्ट ठेवल्या होत्या. थंड असताना जाळी एकसंध पाट वाटत होती. आठ दिवसांत ती मधून उचलली गेली आणि दोन बारांचे कान (बाजूचे उंचवटे) तुटले. तेव्हापासून आराखड्याला हात घालण्याआधी कागदाच्या वर एकच वाक्य लिहितो : बार शेजाऱ्याशी बांधलेला, पण लांबीत मोकळा. पुढची सगळी मापं या वाक्यातूनच निघतात.

उदाहरणाला इचलकरंजीकडे सायझिंगला (सुताला खळ लावण्याच्या कारखान्याला) किंवा छोट्या रंगाईला असते तशी लाकडावर चालणारी, हाताने सरपण टाकायची भट्टी घेऊ. जाळीची जागा ६०० मिमी रुंद, ८०० मिमी खोल.

आधी जागा मोजा, मग सरपण विचारा

भट्टी थंड असताना रुंदी आणि खोली प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा. विटांची भिंत कधीच काटकोनात नसते, त्यामुळे सर्वांत लहान माप धरायचं. मग फायरमनला (भट्टीत सरपण टाकणाऱ्याला) विचारा की तासाला किती लाकूड जातं. नैसर्गिक ओढीवर, म्हणजे पंखा न लावता नुसत्या धुराड्यावर, एक चौरस मीटर जाळीवर तासाला ढोबळमानाने १०० ते १५० किलो लाकूड जळतं. आपली जाळी ०.४८ चौरस मीटर आहे. तासाला ६० किलो लाकूड जात असेल तर हिशेब १२५ वर येतो, म्हणजे जागा पुरेशी आहे. हाच आकडा २०० च्या पुढे गेला तर बारांचा आराखडा कितीही चांगला असला तरी बार जळणार. तिथे आधी जाळी मोठी करा.

बार नेहमी भट्टीच्या खोलीच्या दिशेने ठेवायचे, म्हणजे राख ओढायची सळई फटीतून सरळ पुढे-मागे फिरते. आडवे ठेवले तर सळई प्रत्येक बाराला ठेच देत जाते.

बाराचा छेद

वरून रुंद आणि खाली निमुळता, हा आकार जुना आहे आणि तो बदलायचं काही कारण नाही. आपण वरचा माथा १४ मिमी आणि खालची कड ७ मिमी धरू. फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली की वरून शिरलेला राखेचा खडा अडकत नाही, खाली सुटतो.

बाराची खोली (माथ्यापासून खालच्या कडेपर्यंत) मध्यभागी ८५ मिमी आणि टोकांना ५० मिमी ठेवा. खोलीला काटकसर करू नका. बाराला थंड ठेवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खालून फटीतून वर जाणारी हवा. बार जितका खोल, तितकी त्या हवेला घासायला जास्त बाजू मिळते आणि माथ्याची उष्णता खाली उतरायला वाट मिळते. उथळ बार वजनात स्वस्त पडतो, पण त्याचा माथा लवकर लाल होतो. बिडाची ताकद साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने घसरते, त्यामुळे लाल झालेला बार फार दिवस सरळ राहत नाही.

फट किती ठेवायची हे सरपणावर ठरतं. फोडलेल्या लाकडाला ८ ते १० मिमी चालते. बगॅस (उसाचं चिपाड), भुस्सा असल्या बारीक सरपणाला ४ ते ६ मिमी लागते, नाहीतर अर्धं सरपण न जळताच खाली जातं. आपण ८.५ घेऊ. हा अर्धा मिलिमीटर कुठून आला ते आता बघा.

१४ चा माथा आणि ८ ची फट धरली तर एका बाराला २२ मिमी लागतात. ६०० ला २२ ने भागलं की २७ बार बसतात आणि जेमतेम ६ मिमी उरतात. कागदावर हे छान दिसतं, पण एवढ्याशा जागेत तापलेली जाळी भिंतीला रेटू लागते. म्हणून एक बार कमी करायचा. २६ बार, प्रत्येकी २२.५ मिमी, एकूण ५८५. दोन्ही भिंतींकडे मिळून १५ मिमी मोकळे राहतात. या १५ मिमीचं दुसरं काम पुढे येतं. कडेच्या बाराचा माथा आणि भिंत यांच्यात, बाराच्या वाट्याची अर्धी फट धरून, १२ मिमीच्या आसपास फट राहते. सुरुवातीला तिथून थोडा कोळसा पडेल, मग राख बसून ती भरते.

वाढ : दोन वेगळ्या गोष्टी

एक मीटर बीड १०० अंशांनी तापलं की साधारण १.२ मिमी लांबतं. आपला जवळजवळ ८०० मिमीचा बार सरासरी ५०० अंशांनी तापला असं धरलं तर तो ४.८ मिमी लांबतो. थंड झाला की ही वाढ परत जाते.

दुसरी वाढ परत जात नाही आणि ती बहुतेक आराखड्यांत विसरली जाते. बीड पुन्हापुन्हा तापलं की त्याच्या आतल्या कार्बाइडचं (लोखंड आणि कार्बनच्या संयुगाचं) ग्रॅफाइट होत जातं, आणि ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या कडेकडेने आत शिरलेला ऑक्सिजन लोखंडाचा ऑक्साइड करतो. दोन्हींना आधीपेक्षा जास्त जागा लागते. म्हणून वर्षभर चाललेला बार थंड असतानाही नव्या बारापेक्षा लांब आणि जाड भरतो.

पहिल्या वाढीला ५ मिमी, दुसरीला आणखी ५ आणि टोकाशी साचणाऱ्या राखेसाठी २, असे १२ मिमी सोडा. ८०० च्या जागेत बार ७८८ चा.

कान, जीभ आणि खाच

दोन बारांत फट राखण्यासाठी बाराच्या दोन्ही अंगांना उंचवटे असतात, त्यांना आम्ही कान म्हणतो. दोन्ही टोकांना ३० मिमी लांबीचे साधे कान आणि मध्यभागी ४० मिमी लांबीचा मोठा कान ठेवा. प्रत्येक कान फटीच्या निम्मा, म्हणजे सव्वाचार मिमी बाहेर. शेजाऱ्याचा तेवढाच कान त्याला टेकला की फट आपोआप साडेआठ होते. कानांनी झाकलेली जागा वजा केली तरी जाळीचा सुमारे एक तृतीयांश भाग हवेला खुला राहतो, आणि लाकडाला तेवढा पुरतो.

अडकवण मधल्या कानातच करायची. टोकं आडव्या आधारावर टेकलेली असतात, ती कुठे जात नाहीत. उठतो तो मधला भाग. या कानाच्या एका अंगाला जीभ आणि दुसऱ्या अंगाला खाच, दोन्ही माथ्यापासून ४० मिमी खाली. जाळाच्या जवळ खाच ठेवली तर ती आधी जळते आणि राखेने आधी भरते.

जीभ कानापासून ५ मिमी बाहेर, मुळाशी १० मिमी उंच, टोकाला ८. खाच ७ मिमी खोल, तोंडाशी १३ मिमी उंच, तळाशी ११. म्हणजे वर-खाली किमान दीड-दीड मिलिमीटरची मोकळीक. वाळूच्या साच्यातल्या बिडाला मशीनिंगशिवाय यापेक्षा कमी मोकळीक ठेवू नका. ओतकामातला एखाद्या मिलिमीटरचा फरक, खाचेत चिकटलेली वाळू आणि वर सांगितलेली कायमची वाढ, या तिघांची सोय त्या दीड मिलिमीटरमध्येच करायची असते.

आता सर्वांत महत्त्वाचं. खाच कानाच्या ४० मिमी लांबीत आरपार असली पाहिजे आणि जीभ फक्त २५ मिमी लांब असली पाहिजे. जीभ खाचेत वर-खाली अडते, म्हणून एकटा बार उठत नाही. पण लांबीच्या दिशेने ती सरकते. जाळीचे सगळे बार कधीच सारखे तापत नाहीत. मधले जास्त तापतात, भिंतीकडचे कमी. खाच दोन्ही टोकांना बंद केली तर तापलेला बार शेजाऱ्याला ओढतो, ओढ कानावर येते आणि बीड ताणाला कमकुवत असल्यामुळे कान तुटतो. माझ्या पहिल्या जाळीत नेमकं हेच झालं होतं.

९०० मिमीपेक्षा लांब बार करायचा झाला तर अशी अडकवण दोन ठिकाणी घ्या. खरं तर तिथे मधे एक आडवा आधार देऊन दोन रांगा करणं जास्त बरं.

दोन टोकं, दोन तऱ्हा

तोंडाकडचं टोक आकड्यासारखं करा, ते पुढच्या आधारावर अडकून राहील. राख ओढताना बार मागेपुढे होत नाही. मागचं टोक मोकळं ठेवा आणि त्याची भिंतीसमोरची कड ४५ अंशांत तिरकी कापा. उभी कड आणि उभी भिंत यांच्यात राख दाबली गेली की दगड होते आणि सोडलेले १२ मिमी दोन महिन्यांत संपतात. तिरक्या कडेपुढची राख खाली घसरते. टेकायला मात्र २५ ते ३० मिमी जागा राहिली पाहिजे. जाळीला मागे २०-२५ मिमी उतार दिला की सरपण पसरवायला सोपं जातं.

पॅटर्न आणि ओतकाम

बीड गोठून थंड होईपर्यंत सुमारे एक टक्का आटतं, म्हणून ७८८ च्या बाराला पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा पाडतात तो नमुना) ७९६ चा लागतो. जुना बारच फौंड्रीत नेऊन ‘असाच काढून द्या’ म्हणायची पद्धत सर्रास आहे. कृपया तसं करू नका. जुना बार वाढून फुगलेला असतो, त्याची जीभ झिजलेली आणि खाच राखेने अरुंद झालेली असते. त्यावरून ओतलेला बार पुन्हा आटतो. लांबीत चूक कदाचित भरून निघेल, खाचेत नाही.

पॅटर्न आडवा पाडून, बाराच्या मध्यरेषेवर जोड ठेवून दोन भागांत करा. जीभ साच्याच्या वरच्या पेटीत येते, खाच खालच्या पेटीत, आणि कोअर (साच्यात वेगळा ठेवायचा वाळूचा गाभा) लागत नाही. जीभ-खाचेला वर दिलेला उतार यासाठीच आहे, नाहीतर पॅटर्न उचलताना खाचेतला वाळूचा उंचवटा मोडतो. आतल्या सगळ्या कोपऱ्यांना ३ मिमीची गोलाई द्या. वितळलेल्या बिडाचा रस बाराच्या खालच्या, थंड राहणाऱ्या कडेने आत घ्या, माथ्याकडून नको. आणि पेटी फोडायची घाई नको. लालसर असतानाच बाहेर काढलेला लांब, सडपातळ बार जमिनीवर पडल्यापडल्या वाकतो.

धातू म्हणून आयएस २१० या भारतीय मानकातला एफजी २०० हा बिडाचा दर्जा लाकडाच्या भट्टीला चालतो. फॉस्फरस कमी मागा. अर्धा ते एक टक्का क्रोमियम घातलं तर कायमची वाढ बरीच आटोक्यात येते, आणि जास्त तापणाऱ्या भट्टीत तो खर्च वाया जात नाही. बार कायम लाल राहत असतील तर २५ टक्क्यांच्या पुढचं हाय-क्रोम लागतं, पण त्याआधी हवा कुठे अडतेय ते शोधा. असा एक बार साडेचार किलोच्या आसपास भरतो, पूर्ण जाळी सव्वाशे किलोच्या आत.

जोडणी

भट्टीत नेण्याआधी सगळे २६ बार सपाट जागेवर जुळवा. पत्र्याचा एक छोटा गेज कापून प्रत्येक खाच तपासा, चिकटलेली वाळू छिन्नीने काढा, जोडरेषेवरची पापडी ग्राइंडरने घासा. मग एकेक बार हाताने १० मिमी पुढे आणि १० मिमी मागे सरकवून बघा. हातोडी लागली तर तो बार भट्टीत जाणार नाही. ही एक तपासणी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाची आहे.

एका भिंतीकडून सुरुवात करा. प्रत्येक बार आडवा सरकवून जीभ खाचेत बसवायची. शेवटच्या बाराची भिंतीकडची जीभ कापून टाका. आणि इथे त्या १५ मिमीचं दुसरं काम : मधला एखादा बार बदलायचा झाला तर बाकीचे दोन्ही बाजूंना सरकवून दोन जिभांपुरते १० मिमी मोकळे करता येतात. सगळी जाळी उपसावी लागत नाही.

पहिल्या दिवशी तीन-चार तास हलका जाळ ठेवा. राखेचा खड्डा भरू देऊ नका. खाली राख तुंबली की हवा थांबते आणि उत्तम बारसुद्धा एका पाळीत वाकतो. राखेत निखारे दिसतात म्हणून तापलेल्या जाळीवर पाणी मारणं तर अजिबात नको, बीड तडकतं.

महिन्याने थंड भट्टीत मागच्या टोकाची फट मोजून वहीत लिहा, मग दर तीन महिन्यांनी. १२ ची ५ मिमी राहिली की तापल्यावरच्या वाढीपुरतीच जागा उरली असं समजा आणि तो बार बदला. चार बार जास्तीचे ओतून ठेवा. पॅटर्न कोरड्या जागी ठेवा आणि त्याच्या अंगावर पक्क्या रंगाने लिहा : बार ७८८, पॅटर्न ७९६, जागा ८००.