पावसाळ्याआधी विंडसर्फिंगचं सेल नीट कसं ठेवायचं

मे संपत आला की गोवा काय आणि मुंबई काय, बोर्ड शेडमध्ये जातात आणि सेलं, म्हणजे बोर्डावरची शिडं, बॅगेत कोंबून कुठल्यातरी कोपऱ्यात उभी केली जातात ती थेट ऑक्टोबरला आठवतात. तेव्हा बॅग उघडली की वास येतो, काळे ठिपके दिसतात, खिडकीसारख्या पारदर्शक भागावर पांढऱ्या रेषा पडलेल्या असतात, आणि मग लोक म्हणतात सेल जुनं झालं. माझं मत विचाराल तर सेल पाण्यात फार कमी खराब होतं, किनाऱ्यावरच्या उन्हात आणि घरातल्या कोपऱ्यात जास्त होतं. आणि आपल्याकडे दुकानात जाऊन नवं उचलून आणलं असं होत नाही, बहुतेक माल बाहेरून येतो, त्यामुळे आहे ते टिकवणं आलंच.

आधी ते कशाचं असतं ते बघा म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. पारदर्शक भाग म्हणजे मोनोफिल्म, पॉलिएस्टरची पातळ फिल्म. हलकी, ताणायला मस्त, पण एकदा घडी पडली की ती रेघ कायमची आणि पुढेमागे तिथूनच तडकते. चौकटीचौकटीचे दोरे दिसतात ते एक्स-प्लाय, म्हणजे दोन फिल्मच्या मध्ये जाळी चिकटवलेली, फाटलं तरी चीर दोऱ्यापाशी अडते, पण ओल आणि उष्णता खूप झाली तर थर सुटायला लागतात. मास्ट, म्हणजे सेलची काठी, ज्यात सरकवतो ती स्लीव्ह साधारण विणलेल्या कापडाची, डॅक्रॉन वगैरे, ती चिवट असते पण पाणी आणि वाळू धरून बसते. या सगळ्यांचा एक नंबरचा शत्रू ऊन. अल्ट्राव्हायोलेटने फिल्म ठिसूळ होते, आधी दुधाळ दिसते, मग एक दिवस सेलवर पडलात की आरपार भोक.

म्हणून सीझनमध्येच सवय लावा की सेशन झालं, जेवायला चाललोय, तर रिग केलेलं, म्हणजे जोडून ताणलेलं, सेल वाळूत उन्हात पसरून जायचं नाही. सावलीत न्या नाहीतर सोडून गुंडाळा. वाऱ्यात फडफडत सुकवणं तर अजिबात नको, लोकांना वाटतं छान वाळतंय, प्रत्यक्षात प्रत्येक फटक्याला फिल्मचा दम जातो. शिवाय किनाऱ्यावरची कुत्री! त्यांना गार गार सेलवर झोपायला फार आवडतं आणि उठताना नखं रुतवून आळस देतात. फोटो काढणारे पर्यटक पण त्याच कॅटेगरीत, सेलवरून चालत जातात बिनधास्त.

सोडताना क्रम लक्षात ठेवा: आधी आउटहॉल (सेल मागे ताणणारी दोरी) ढिला, बूम (हाताने धरायचा आडवा दांडा) काढा, मग डाउनहॉल (सेल खाली ताणणारी दोरी). मास्ट काढताना फिल्म धरून ओढायची नाही, स्लीव्ह धरायची. मास्टचे दोन तुकडे त्याच दिवशी वेगळे करा, जोडात वाळू आणि मीठ राहिलं तर पुढच्या वेळी दोन माणसं लावूनही सुटत नाहीत. मास्टच्या खालच्या टोकात बसणारं ॲल्युमिनियमचं एक्स्टेन्शन कार्बन मास्टमध्ये तसंच ठेवलं तर अजून वाईट, खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम गंजून पांढरी पावडर होते आणि आतच अडकतं.

आता धुणं. दर सेशननंतर अख्खं सेल धुवाच असं मी म्हणणार नाही, पण पुली, एक्स्टेन्शन, बूमची क्लॅम्प, मास्ट बेस (मास्ट बोर्डाला जोडणारा भाग) यांच्यावर गोडं पाणी दर वेळी मारा. पावसाळ्यासाठी ठेवायच्या आधी मात्र पूर्ण अंघोळ हवीच, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि मीठ असलेलं सेल चार महिन्यांत कधीच कोरडं राहत नाही. मे महिन्यात पाण्याची बोंब असते, मान्य, पण दोन-तीन बादल्यांत भागतं. बोअरचं चालेल, समुद्राजवळच्या मचूळ विहिरीचं नको. गवतावर नाहीतर स्वच्छ लादीवर पसरा, आधी नुसतं पाणी ओतून वाळू वाहून जाऊ द्या, कोरड्या फडक्याने पुसलं तर वाळूचे ओरखडे उठतात. डाग असेल तर कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड थोडंसं, मऊ स्पंज. ब्लीच, थिनर, ॲसिटोन काही लावू नका. कार धुवायचं प्रेशर वॉशर पण नको, शिवणी आणि चिकटवलेले थर उचकटतात. स्लीव्हच्या आत नळी घालून नीट पाणी सोडा, तिथली वाळू निघाली की अर्धं काम झालं.

वाळवणं हेच खरं काम आहे. फिल्म दहा मिनिटांत कोरडी दिसते आणि आपण फसतो, कारण स्लीव्ह, खालचं पॅडिंग, बॅटनचे (सेल ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) खिसे आतून ओलेच असतात. कॅम्बरवालं सेल (बॅटनच्या टोकाला मास्टवर टेकणारे प्लास्टिकचे तुकडे असलेलं) असेल तर रुंद स्लीव्हमुळे अजून वेळ लागतो. सावलीत, स्लीव्हचं तोंड खाली करून टेकवा, पाणी निथळू द्या, रात्रभर फॅनखाली ठेवा, आणि हात आत घालून बघितल्याशिवाय गुंडाळू नका.

बॅटनचा ताण कमी करा, स्क्रू ॲलन कीने थोडे सोडले की झालं, आणि किती फेरे सोडले ते टेपवर लिहून तिथेच चिकटवा. गुंडाळताना वरच्या टोकापासून सुरू करून खाली यायचं म्हणजे बॅटन रोलच्या लांबीत आडवे सरळ बसतात. फार घट्ट नाही, खिडकी दुमडायची नाही. आई पैठणीची घडी अधूनमधून मोडते ना, की त्याच रेषेवर चिरू नये, इथे तर मुळात घडीच नको.

जागा कुठली? पत्र्याच्या शेडचा माळा नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते, बंद गाडीची डिकी पण तशीच. पावसाची झोड लागते त्या बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. जमिनीवर नको, वर कुणी मास्ट-बोर्ड रचणार असेल तिथे तर नकोच. घरातल्या खोलीत छतापासून नवारीच्या दोन पट्ट्या लोंबकळत सोडून त्यावर आडवं ठेवणं सगळ्यात स्वस्त आणि मस्त, उंदरांना पण अवघड जातं. उंदीर खरंच कुरतडतात, विशेषतः बॅगेत बिस्किटाचा पुडा विसरला असेल तर. बॅगची चेन थोडी उघडी ठेवून वर जुनी सुती चादर टाका. सिलिका जेलच्या पुड्या लोक टाकतात, पण उघड्या बॅगेत त्या अख्ख्या खोलीची ओल ओढत बसतात आणि चार दिवसांत संपतात, पैसे वाया. डांबरगोळ्या प्लास्टिकला टेकतील अशा तर टाकूच नका.

जुलैमध्ये काही करू नका, हवाच इतकी ओली असते. श्रावणात उघडीप मिळाली की एकदा बाहेर काढा, घरातच फॅनखाली तास-दोन तास पसरा, परत गुंडाळा. बुरशीचे ठिपके दिसले तर साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा. डाग पूर्ण जाणार नाही, पण त्याने सेल लगेच फाटत नाही, उगाच घासत बसू नका.

ठेवायच्या आधीच बारीक भोकं बुजवा. बोटाएवढी चीर असेल तर स्पिरिटने दोन्ही बाजू पुसा, पूर्ण सुकू द्या, पारदर्शक सेल रिपेअर टेपचे दोन तुकडे कापा, कोपरे गोल करा कारण टोकदार कोपरा सुटतो, आणि दोन्हीकडून चिकटवून चमच्याच्या पाठीने दाबा. ऑफिसमधला सेलोटेप चालत नाही, गोंद वितळून चिकट घाण मागे राहते आणि मग खरा टेप पण धरत नाही. चीर हातभर असेल किंवा शिवण उसवली असेल तर टेपच्या नादी न लागता सेल शिवणाऱ्याकडेच द्या, आणि ते पावसाळ्यातच द्या, सीझनच्या तोंडावर सगळेच रांगेत असतात.

ऑक्टोबरला पाण्यात जायच्या आधी किनाऱ्यावर एकदा पूर्ण रिग करून बघा, बॅटन परत ताणा, डाउनहॉलची दोरी जिथे पुलीवर घासते तिथे केस निघालेत का बघा. आणि मास्ट बेसमधला लवचीक जोड, टेंडन, वाकवून चारी बाजूंनी निरखा. बारीकशी जरी भेग दिसली तरी बदला, कारण तो तुटला तर तो किनाऱ्यावर नाही, लांब आत तुटतो, आणि मग बोर्ड एकीकडे, सेल दुसरीकडे.