बेटावरच्या जुन्या पुलाची तपासणी

रामेश्वरम बेटाला मंडपमशी जोडणाऱ्या, १९८८ साली खुल्या झालेल्या पांबनच्या रस्तापुलासारख्या पुलाची तपासणी खांबांच्या भरती-ओहोटीत ओल्या-कोरड्या होणाऱ्या पट्ट्यापासून सुरू करावी, कारण क्षार आणि प्राणवायू दोन्ही तिथे मुबलक मिळाल्याने आतल्या सळ्या लवकर गंजतात. हातोडीने ठोकत जावे. जिथे बद्द आवाज येतो, तिथे गंज फुगून काँक्रीट आतून सुटलेले असते, म्हणून खडूने खूण करावी. वरवरचा गिलावा ही निव्वळ रंगसफेदी होय: क्षार मुरलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून, सळई चकचकीत होईपर्यंत घासून आणि गोड्या पाण्याने धुऊनच नवा भराव घालावा. पाण्याच्या निचऱ्याची भोके ईशान्य मोसमी पावसाआधी, सप्टेंबरअखेर मोकळी करावीत.