सहीचे बुकमार्क वाटताय? या चुका टाळा

नवं पुस्तक आलं की वाचकांना सहीचा बुकमार्क किंवा पुस्तकात चिकटवायची सहीपट्टी मोफत पाठवायची, हा नागपुरातल्या नव्या लेखकांचा उपक्रम मला मनापासून आवडतो. गडचिरोलीच्या वाचकाला सीताबर्डीच्या प्रकाशन समारंभाला येणं जमत नाही, पण लेखकाच्या हातचं अक्षर त्याच्यापर्यंत पोचतं. म्हणूनच यात तेच ते घोटाळे होताना बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक कागदाची. छापखान्यात ‘चकचकीत द्या’ म्हटलं की दोन्ही बाजूंना ग्लॉसी लॅमिनेशन होऊन येतं. जेल पेनची शाई त्यावर मुरत नाही, नुसती वर बसून राहते. एका तरुण कवीनं प्रकाशनाच्या आदल्या रात्री अशा गठ्ठाभर बुकमार्कांवर सह्या केल्या आणि लगेच एकावर एक रचून ठेवल्या. सकाळी प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या सहीचा उलटा ठसा. पुसायला गेला तर निळे डाग आणखी पसरले. बाहेर पाहुणे येऊन बसलेले, आणि हा मागच्या खोलीत कापूस-स्पिरिट घेऊन घासतोय. “बाप्पा, आता लोकांना काय देऊ?” म्हणत होता. देण्यासारखा एकही उरला नव्हता. छापखान्याचा यात काही दोष नाही. जे मागितलं ते त्यांनी दिलं. दोन दिवस आधी एका नमुन्यावर सही करून बघितली असती तर सगळं वाचलं असतं, पण नव्या लेखकांना तेवढा दम निघत नाही.

मी पेन खिशात घालूनच छापखान्यात जातो. ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं, जाड) कार्ड, लॅमिनेशन फक्त समोरून, मागची बाजू हाताला जरा खरखरीत लागणारी. त्या मागच्या बाजूवर तिथंच सही करायची, थोडं थांबून अंगठा फिरवायचा, मग ऑर्डर. लॅमिनेशन होऊन गेलंच असेल तर सीडी मार्कर (गुळगुळीत पृष्ठभागावर टिकणाऱ्या शाईचं पेन) वापरा आणि सह्या केलेली कार्डं रात्रभर सुटी पसरून ठेवा. उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत मात्र नको. त्या ओलाव्यानं कार्डं वाकतात आणि गोंदाची पाकिटं आपोआप बंद होऊन बसतात.

दुसरी चूक पत्त्यांची. ‘पाण्याच्या टाकीजवळ’ एवढ्यावर पोस्टमननं घर शोधावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आपल्याकडे एकाच नावाची नगरं शहरात एकाहून जास्त आहेत, त्यामुळे प्लॉट नंबर, ले-आउट आणि पिन हे तिन्ही मागून घ्या. पिनचे पहिले तीन आकडे मी स्वतः तपासतो: नागपूर शहर ४४०, भंडारा ४४१, वर्धा ४४२, अमरावती ४४४, यवतमाळ ४४५. पत्ता अमरावतीचा आणि पिन ४४० दिसला की वाचकाला विचारल्याशिवाय पाकीट बंद करत नाही.

पत्ते व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच मागू नका. लोकांची घरं चारचौघांत उघडी पडतात.

चेकवर करता ती सही बुकमार्कवर करू नका. लेखक म्हणून वेगळी सही ठेवा.

रबरी शिक्का मारून ‘सहीचा बुकमार्क’ म्हणणं ही वाचकाची फसवणूक आहे. हात दुखत असेल तर कमी वाटा.

वाचकाचं नाव लिहिणार असाल तर ते कसं लिहायचं हे त्यालाच विचारा.

मोफत म्हटल्यावर पुस्तकाच्या बिलाचा फोटो मागू नका.

साधं पत्र २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांत जातं आणि त्यात कार्डासोबत चार ओळींची चिठ्ठी आरामात बसते. कीचेन किंवा बिल्ला कोंबला की पाकीट वाटेत फाटतं, शिवाय वजन वाढतं. तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट पैसे पोस्टमन वाचकाकडून घेतो. जाड वस्तू द्यायचीच असेल तर पोस्टाच्या खिडकीवर वजन करून मगच तिकीट लावा.

आणि शेवटची तारीख आधीच जाहीर करा. कार्डं संपल्यावर मागणी आली तर ‘संपली’ म्हणून त्याच दिवशी कळवा. वाचक रोज पोस्टमनची वाट बघत असतो.