घरचा कॉम्प्युटर लॉगिन होऊ देत नसेल तर काय करावे

लॉगिनच्या पडद्यावर अडकलेल्या कॉम्प्युटरमधल्या फायली बहुतेक वेळा सुखरूप असतात. नुकसान होते ते घाईने केलेल्या उपायामुळे. म्हणून आधी एकच ठरवा: नेमके काय अडले आहे? पिन, मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड, फक्त त्या मशीनपुरत्या लोकल खात्याचा पासवर्ड, बिघडलेले प्रोफाइल (खात्याच्या फायली आणि सेटिंग्जचा संच) आणि ड्राइव्हचे एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी सांकेतिक साठवण) या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. इथली माहिती मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी आहे, आणि ती स्वतःच्या किंवा मालकाने सांगितलेल्या कॉम्प्युटरवरच वापरायची आहे.

पासवर्ड खरंच चुकतोय का?

पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबून धरले की टाइप केलेली अक्षरे दिसतात. कॅप्स लॉक चालू असणे, नम लॉक बंद असल्याने बाजूचे आकडे न उमटणे आणि कीबोर्डची भाषा बदललेली असणे, ही तीन कारणे इथेच सापडतात. मराठी कीबोर्ड जोडलेल्या मशीनवर तिसरे कारण विशेष तपासा. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते. तिथे इंग्रजी निवडा. एखादी की बिघडल्याची शंका असेल तर त्याच कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून माउसने पासवर्ड टाका.

अंदाजाने पासवर्ड टाकत राहू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या प्रणालीत १० मिनिटांत १० वेळा चूक झाली की लोकल खाते १० मिनिटांसाठी बंद होते. त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो आणि आपला पासवर्डच चुकीचा आहे असा समज होतो. खाते ‘लॉक्ड आउट’ असल्याचा संदेश दिसला तर दहा मिनिटे कशालाही हात न लावता थांबा.

पिन आठवत नाही

पिन त्या एकाच मशीनवर साठवलेला असतो. खात्याचा पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही.

१. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून वाय-फाय जोडा. इंटरनेटशिवाय पुढचे होणार नाही.
२. पिनच्या चौकटीखालचे ‘आय फरगॉट माय पिन’ दाबा.
३. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड द्या, मग फोनवर किंवा ईमेलवर आलेला कोड टाका.
४. नवा पिन ठरवा.

पासवर्ड पाठ असेल तर याचीही गरज नाही. ‘साइन-इन ऑप्शन्स’ दाबून किल्लीचे चिन्ह निवडा, पासवर्डने आत जा आणि सेटिंग्जमधून पिन बदला. पिन बऱ्याचदा चुकल्यावर विंडोज ‘ए१बी२सी३’ अशी अक्षरे टाइप करायला सांगते. तो बिघाड नाही. कळा चुकून दाबल्या जात नाहीत ना, एवढेच ती तपासत असते.

मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड विसरलात

हा पासवर्ड फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवर बदलता येतो. कोड खात्याशी जोडलेल्या फोनवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येतो. जुना नंबर बंद झाला असेल तर तिथे ओळख पटवण्याचा फॉर्म भरावा लागतो; त्यात जुने पासवर्ड, अलीकडच्या ईमेलचे विषय असे जितके अचूक देता येईल तितके द्या. सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलली तर ती लागू होण्यासाठी ३० दिवस थांबावे लागते, हेही लक्षात ठेवा.

पासवर्ड बदलल्यावर बरेच जण पुन्हा अडकतात, कारण घरचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला नसेल तर त्याला नवा पासवर्ड माहीतच नसतो. तो आठवणीतल्या जुन्या पासवर्डशीच ताडून पाहतो. आधी वाय-फाय जोडा, मग नवा पासवर्ड टाका.

लोकल खाते

हे खाते त्या मशीनबाहेर कुठेच नोंदलेले नसते, त्यामुळे ऑनलाइन काही करता येत नाही. एकदा चुकीचा पासवर्ड टाका; खाली ‘रीसेट पासवर्ड’ दिसले तर खाते तयार करताना दिलेल्या तीन प्रश्नांची उत्तरे द्या. उत्तरे तेव्हा जशी टाइप केली होती तशीच द्यावी लागतात. पासवर्ड रीसेटसाठी पूर्वी पेनड्राइव्ह बनवून ठेवला असेल तर तो याच वेळी लावा.

दोन्ही नसेल, पण घरातल्या दुसऱ्या कोणाचे सगळे बदल करायचा अधिकार असलेले, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते त्याच मशीनवर असेल, तर त्या व्यक्तीला आत जायला सांगा. कंट्रोल पॅनेल, मग ‘युजर अकाउंट्स’, मग ‘मॅनेज अनदर अकाउंट’, तुमचे खाते, आणि शेवटी ‘चेंज द पासवर्ड’. सेटिंग्जच्या नव्या पडद्यांत हा पर्याय शोधत बसू नका, तो तिथे नाही.

या मार्गाची किंमत आधी समजून घ्या. दुसऱ्याने पासवर्ड बदलला की त्या खात्यात विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या फायली आणि साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डवरून बनलेली असते. ब्राउझरचे पासवर्ड ऑनलाइन खात्याशी सिंक असतील तर ते परत मिळतात. जुना पासवर्ड पुढे कधी आठवलाच तर खात्याला तोच पुन्हा लावून पाहा. बंद झालेल्या गोष्टी अनेकदा त्याने उघडतात.

सिस्टिमच्या फायली बदलून लॉगिन चुकवायच्या युक्त्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये असे आमचे ठाम मत आहे. एन्क्रिप्टेड ड्राइव्हवर त्या चालत नाहीत, आणि जिथे चालतात तिथे वर सांगितलेले नुकसान होतेच.

पासवर्ड बरोबर, तरी आत जाता येत नाही

‘युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन’ असा संदेश येतो, किंवा आत गेल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि टेम्पररी प्रोफाइलची सूचना येते. फायली गेल्या असे वाटून घाबरू नका. त्या ‘सी’ ड्राइव्हवरच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली असतात. टेम्पररी प्रोफाइलमध्ये मात्र काहीही सेव्ह करू नका, साइन-आउट होताच ते पुसले जाते.

एकदोनदा रीस्टार्ट करून पाहा. फरक पडला नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून रजिस्ट्री एडिटर, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलायचा प्रोग्राम, उघडा. ‘एचकी लोकल मशीन’ खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट अशी वाट आहे. काहीही बदलण्याआधी ‘प्रोफाइल लिस्ट’वर राइट-क्लिक करून एक्स्पोर्ट करून ठेवा. तिथे एकाच लांब क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतील, एकीच्या शेवटी ‘.बॅक’ (.bak) असे तीन अक्षरी शेपूट. ‘.बॅक’वाल्या नोंदीतल्या ‘प्रोफाइल इमेज पाथ’मध्ये तुमच्याच फोल्डरचे नाव आहे ना ते पाहा. मग साध्या नोंदीच्या नावापुढे ‘.ओल्ड’ जोडा, दुसरीचे ‘.बॅक’ काढून टाका आणि रीस्टार्ट करा. हे हाताळायची सवय नसेल तर नवे खाते काढून जुन्या फोल्डरमधल्या फायली त्यात कॉपी करणे अधिक सुरक्षित.

निळा पडदा ४८ आकडे मागतो

हा बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय. बायॉस (कॉम्प्युटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट झाला किंवा हार्डवेअर बदलले की तो रिकव्हरी की मागतो. खात्याचा पासवर्ड इथे चालत नाही. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, ‘डिव्हाइसेस’मध्ये तो कॉम्प्युटर निवडा आणि रिकव्हरी की पाहा. अनेक कीज दिसल्या तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरे जुळवा. ती की कुठेच सापडली नाही तर ड्राइव्हवरची माहिती कोणीही, मायक्रोसॉफ्टसुद्धा, उघडू शकत नाही.

शेवटचा उपाय करण्याआधी

‘रीसेट धिस पीसी’मधला ‘कीप माय फाइल्स’ पर्याय फसवा आहे: प्रोग्राम जातात, पण खाती तशीच राहतात, म्हणून विसरलेला पासवर्ड सुटत नाही. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ने तो सुटतो, सगळ्या फायलींच्या मोबदल्यात. त्याआधी फायली बाहेर काढा. ड्राइव्ह एन्क्रिप्टेड नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली थेट चालते) मशीन सुरू करून त्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करता येतात. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा, नाहीतर फास्ट स्टार्टअप या मशीन लवकर सुरू करण्याच्या सोयीमुळे लिनक्सला तो ड्राइव्ह अर्धवट बंद झालेला दिसतो.

मॅकवर काही वेळा पासवर्ड चुकला की अ‍ॅपल खात्याने रीसेट करायचा पर्याय येतो. तो आला नाही तर रिकव्हरीमध्ये जा: अ‍ॅपलच्या चिपवाल्या मॅकवर पॉवर बटण दाबून धरून, इंटेलवाल्यावर कमांड आणि आर दाबून. तिथे टर्मिनल उघडून ‘रीसेटपासवर्ड’ हा इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता टाइप करा.

एकदा आत शिरलात की त्याच बैठकीत दुसरे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते तयार करा, त्याचा पासवर्ड आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून दूर ठेवा, आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातला फोन नंबर चालू आहे का ते पाहा.