उदोनच्या रांगेत: ट्रे उचलण्यापासून तो परत ठेवण्यापर्यंत

जपानला पहिल्यांदा जाणारे लोक सुशी आणि रामेनची यादी करून जातात. उदोन, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या जाड शेवयांचा पदार्थ, त्या यादीत असलाच तर शेवटी कुठेतरी. पण कमी पैशात, गरमागरम आणि झटपट पोट भरायचं असेल तर उदोनच्या साखळी दुकानांना तोड नाही. त्यातलं सगळ्यात ठळक नाव म्हणजे 'मारुगामे सेइमेन'. २००० साली ह्योगो प्रांतातल्या काकोगावा इथे पहिलं दुकान निघालं आणि आज जपानभर त्यांच्या आठशेहून जास्त शाखा आहेत. गंमत अशी की मारुगामे हे शहर ह्योगोत नाहीच. ते आहे शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात, जिथलं सानुकी उदोन देशभर नावाजलेलं आहे. नाव तिकडचं, कंपनी इकडची. हा विषय कागावाच्या माणसासमोर काढायचा असेल तर हाताशी वेळ ठेवा.

इथे वेटर टेबलाशी येत नाही. तुम्हीच रांगेतून पुढे सरकत जेवण गोळा करायचं, शेवटी पैसे द्यायचे आणि मग बसायचं. पद्धत सोपी आहे, पण ती कोणी समजावून सांगत नाही आणि मागे रांग असते. म्हणून हा लेख.

रांगेत शिरण्याआधी ठरवा

पहिल्याच काउंटरवर उदोन सांगावं लागतं, आणि तुम्ही सांगितल्यापासून अर्ध्या-एक मिनिटात वाडगा तुमच्या ट्रेवर येतो. त्यामुळे विचार दाराबाहेरच करून घ्या. तिथे फोटोंचा फलक असतो. काचेआड पीठ लाटायचं आणि शेवया कापायचं यंत्र चालू दिसेल. पीठ, मीठ आणि पाणी, एवढंच त्यात असतं, आणि ते त्याच दुकानात मळलं जातं.

प्रकार बरेच असतात, पण पहिल्या भेटीत चारच लक्षात ठेवा. 'काके' म्हणजे गरम, पातळ सुपातलं साधं उदोन. 'बुक्काके'मध्ये सूप थोडं आणि दाट चवीचं, ते वरून ओतलेलं. हे गरम किंवा थंड, दोन्ही मिळतं. 'झारु' थंड असतं, बाजूला दिलेल्या 'त्सुयु' नावाच्या रसात बुडवून खायचं. आणि 'कामाआगे' लाकडी घमेल्यात, ज्या पाण्यात शिजलं त्याच पाण्यासकट येतं; तेही त्सुयुत बुडवूनच.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा कामाआगे घ्या. शेवया थंड पाण्यात न धुता थेट कढईतून येतात, त्यामुळे मऊ आणि लुसलुशीत लागतात, आणि पिठाची चव सुपाखाली दबत नाही. उन्हाळ्यात मात्र थंड बुक्काके. धुतलेल्या शेवयांना जो चिवटपणा येतो, त्यावर जपानी लोक जीव टाकतात, आणि तो थंड उदोनमध्येच नीट कळतो.

माप तीन: 'नामी', 'दाइ' आणि 'तोकु'. दाइ म्हणजे नामीच्या दीडपट, तोकु दुप्पट. नामी दिसायला बेताचं वाटतं, पण उदोन जाडजूड असतं आणि पोटात बसतं. पुढे तळणही घ्यायचं आहे, तेव्हा नामीच सांगा.

पहिला काउंटर

रांगेच्या तोंडाशी ट्रे असतात, एक उचला आणि रुळावर ठेवून सरकवत चला. तुमची पाळी आली की नाव, माप आणि नग सांगा: "कामाआगे, नामी, हितोत्सु." हितोत्सु म्हणजे एक, फुतात्सु म्हणजे दोन. बुक्काके सांगितलंत तर उलट प्रश्न येईल. 'अताताकाइ' गरम, 'त्सुमेताइ' थंड. जीभ अडखळली तर फोटोवर बोट ठेवून "कोरे" म्हणा, काम होतं.

गोमांस खात नसाल तर एक शब्द आधीच पाठ करा: 'निकु'. निकु उदोन म्हणजे मांस घातलेलं, आणि इथे ते गोमांस असतं. करी उदोन दिसलं तरी आधी विचारा.

तळणाची फळी

इथे बहुतेकांचा तोल जातो. चिमटा घ्यायचा, ताटली घ्यायची आणि हवं ते तेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला पदार्थ, स्वतः उचलायचं. प्रत्येक नगाचे वेगळे पैसे लागतात, साधारण दीडशे-दोनशे येन. काकियागे म्हणजे कांद्या-गाजराच्या लांब कापांचा भला मोठा गोळा. आपल्या खेकडा भजीचा जपानी भाऊच म्हणा. तो एकच ताटली व्यापतो, म्हणून दोघांत एक पुरे. रताळं, वांगं, भोपळाही असतो. कोंबडीचं 'काशिवातेन' आणि अर्धवट उकडलेल्या अंड्याचं तेंपुरा मला विशेष आवडतं. अंडं फोडून पिवळा बलक शेवयांत मिसळायचा.

एक नग मात्र नीट ओळखून ठेवा. लांबट, फिकट पिवळं, वर हिरवे ठिपके असलेलं. ही भाजी वाटते, पण ते 'चिकुवा' असतं, म्हणजे माशाच्या लगद्याची नळी. हिरवं दिसतं ते समुद्री शेवाळ.

तळण निवडताना रेंगाळू नका. ट्रेवरचं उदोन प्रत्येक मिनिटाला फुगत असतं आणि मागचा माणूस काही बोलत नाही, नुसता उभा राहतो.

पुढे भाताचे मुटके असतात आणि मग गल्ला. सगळं ट्रेवर दिसतंच, त्यामुळे काही सांगावं लागत नाही. साधं उदोन आणि एक-दोन तेंपुरा घेतले तर हजार येनच्या आत सुटता. कार्ड किंवा रेल्वेचं सुइका कार्ड बहुतेक शाखांत चालतं.

शाकाहारी असाल तर हे आधी वाचा

उदोनच्या शेवया शाकाहारी असतात, सूप नसतं. 'दाशी' हा त्याचा पाया, आणि दाशी बनते कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेले मासे उकळून. काके, बुक्काके, झारुसोबतचं त्सुयु, सगळीकडे तीच. इनारी, म्हणजे गोडसर टोफूच्या पिशवीतला भात, तोही बहुधा दाशीतच मुरवलेला असतो. "मी शाकाहारी" एवढंच सांगितलंत तर समोरचा माणूस मांसाचे तुकडे नसलेला वाडगा मनापासून पुढे करेल, आणि त्यात मासळीचं सूप असेल. त्याला फसवायचं नसतं. त्याच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच.

त्यामुळे स्पष्ट सांगा: "निकु मो साकाना मो दाशी मो दामे देसु." मांस, मासे आणि दाशी, तिन्ही चालत नाही. भाज्यांचं तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळलेलं असतं, हेही मनाशी ठरवून टाका. अंडी-मासे खाणाऱ्याला इथे मेजवानी आहे. मासळीच्या सुपाकडे कानाडोळा करू शकणाऱ्यालाही बरंच काही आहे. पण ज्याला काटेकोर पाळायचं आहे, त्याने या रांगेत उभं राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोरड्या शेवयांवर आलं-तीळ घालून खायला कोणी जपानला जात नाही. टोकियो स्थानकात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, 'टीज तानतान' नावाचं दुकान आहे. तिथलं रामेन पूर्णपणे वनस्पतीजन्य असतं. 'कोको इचिबान्या' या करीच्या साखळीतही प्राणिजन्य घटक नसलेली भाज्यांची करी बऱ्याच शाखांत मिळते, फक्त मागताना ती वेगळी सांगावी लागते.

फुकटची फळी

पैसे दिले की लगेच बसू नका. गल्ल्याच्या पुढे चिरलेली पात, किसलेलं आलं, तीळ आणि 'तेनकासु', म्हणजे तेंपुराच्या कढईतला कुरकुरीत चुरा ठेवलेला असतो. हे सगळं फुकट आहे. काकेवर पात आणि तेनकासु चांगला चमचाभर घाला, आलं चिमूटभर. कामाआगे घेतलं असेल तर हे सगळं त्सुयुच्या वाटीत जातं, घमेल्यात नाही. पाणी आणि चहाही तिथेच, स्वतः भरून घ्यायचा. टेबलावर 'शिचिमी' नावाची मिरचीपूड मिळेल. आपल्या जिभेला ती सौम्यच वाटेल, सढळ हाताने वापरा.

खाताना

भुरके मारा. ओरपण्याचा आवाज इथे खपतो, उलट गरम शेवया त्यानेच तोंडात निवतात. आवाज करायचा नसेल तर नका करू, सक्ती नाही. वाडगा उचलून सूप थेट तोंडाला लावलं तरी चालतं. चॉपस्टिक मात्र अन्नात उभ्या खोचून ठेवू नका, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. दोन्ही गोष्टी तिथे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

दुपारी बारा ते एक कचेऱ्या सुटतात, तेव्हा रांग दाराबाहेर जाते. अकराला किंवा दोनला गेलात तर मुलाबाळांसह निवांत बसता येतं. गर्दीच्या वेळी खाणं संपल्यावर गप्पा मारत बसू नये.

उठताना ट्रे स्वतः 'हेनक्याकुगुची'वर, म्हणजे भांडी परत करायच्या खिडकीत नेऊन ठेवायचा. टेबलावर सांडलं असेल तर जवळ ठेवलेल्या फडक्याने पुसून घ्या. आत भांडी घासणाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने "गोचिसोसामा देश्ता" म्हणा आणि निघा. टिप ठेवू नका. ठेवलेली नाणी तुम्ही विसरलात असं समजून कोणीतरी तुमच्यामागे धावत येईल.