सिनेमा आवडला नाही? मग लिहिताना या चुका टाळा

शुक्रवारचा रात्रीचा खेळ सुटला की फोनवर तीच वाक्यं पुन्हा उगवतात. 'सेकंड हाफ ढेपाळलाय.' 'एडिटिंग टाइट हवं होतं.' 'दिग्दर्शकाची पकड सुटते.' सिनेमाचं नाव बदला, वाक्यं तशीच चालतात. सिनेमा वाईट म्हणायला माझी काही हरकत नाही, मीही म्हणतो. पण तो नेमका कुठे बिघडला हे सांगायचा कंटाळा करू नका.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे इंटरव्हलनंतरच्या भागावर खापर फोडणं. कंटाळा तिथे येतो हे खरं, पण बिघाड बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. शेवटाकडे भाऊ दगा देतो आणि आपल्याला काहीच वाटत नाही. का? कारण इंटरव्हलपर्यंत हा भाऊ जेमतेम दोनदा दिसलेला असतो आणि त्यातल्या एका वेळी नाचत असतो. उधारी पहिल्या भागात झालीच नाही, तर दुसऱ्या भागात वसुली कशाची करणार? अशा सिनेमातून वीस मिनिटं कापली तर तो फक्त लवकर संपेल. आणि एडिटरच्या टेबलावर काय आलं होतं हे तुम्हीआम्ही पाहिलेलं नसतं. जे शूटच झालं नाही ते तो कुठून जोडणार? माझी सवय अशी: जांभई आली की स्वतःला विचारायचं, आत्ता मी कोणाची काळजी करावी अशी अपेक्षा आहे, आणि हा माणूस मला पहिल्यांदा कधी भेटला? उत्तर शोधताना हमखास इंटरव्हलच्या मागे जावं लागतं. तेच लिहा.

अर्थात, इंटरव्हलमध्येच पोस्ट टाकणाऱ्यांना हे सांगून उपयोग नाही. त्यांना सिनेमापेक्षा पहिला नंबर महत्त्वाचा.

दुसरी चूक थिएटरची पापं सिनेमाच्या माथी मारण्याची. आमच्या ग्रुपमधल्या एका उत्साही पोराने एका सिनेमाच्या छायाचित्रणावर लांबलचक पोस्ट लिहिली. रात्रीचे प्रसंग दिसतच नाहीत, चेहरे काळे, कॅमेरामनला लाइट लावता येत नाही, वगैरे. पोस्ट जोरात फिरली. मी तोच सिनेमा दुसऱ्या थिएटरात पाहिला, तर रात्रीच्या प्रसंगात मागच्या भिंतीवरची ओलसुद्धा दिसत होती. मग त्याच्या थिएटरात दोघं गेलो. चित्र खरंच मळकट. मॅनेजरला गाठलं, त्याने आत विचारलं, तेव्हा कळलं की आधीच्या खेळाला थ्रीडी सिनेमा होता आणि प्रोजेक्टरपुढचं थ्रीडीचं फिल्टर काढायचं राहून गेलं होतं. साध्या खेळाला पडदा किती उजळ असावा याचं प्रमाण ठरलेलं आहे, १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजळपणा मोजायचं एकक). ते फिल्टर पुढे राहिलं की निम्म्याहून जास्त उजेड तिथेच अडतो. पोराला म्हटलं, पोस्ट दुरुस्त कर. तो म्हणाला, 'आता एवढे लाइक्स आलेत, राहू दे ना!'

आवाजाचंही तसंच. संवाद बहुतांशी पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. तो बिघडला की संगीत दणदणतं आणि माणसं पुटपुटतात. 'साउंड डिझाइन भिकार' असं लिहिण्याआधी उठून बाहेर जा, तक्रार करा. मी कडेच्या खुर्चीचं तिकीट काढतो ते याचसाठी.

'संथ आहे' ही तक्रार तर मला कळतच नाही. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) उन्हाळी सुट्टी लागते, दालन रिकामं होतं, दिवे मालवतात, पडदा काळा. सिनेमा संपला असं वाटतं आणि तो पुढे न्यायाधीशांच्या सहलीला जातो. तो भाग नको होता म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण त्या सहलीत काय दिसतं हे सांगून म्हणा. घड्याळ दाखवू नका.

बाकीच्या पटापट. गल्ल्यावरून दर्जा ठरवू नका. 'तुंबाड'ने २०१८ मध्ये जेवढं कमावलं त्याहून जास्त २०२४ मध्ये पुन्हा लागल्यावर कमावलं, आणि सिनेमा तोच होता. ट्रेलरने फसवलं तर ट्रेलरवर रागवा. कादंबरी वाचली असेल तर छान, पण परीक्षण सिनेमाचं चाललंय. संवाद बेगडी असतील तर नटीला झोडपू नका, तिने ते लिहिले नाहीत.

आणि ते 'आपला मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या' बंद करा. तिकिटात मराठी माणसाला सवलत नसते. अशा दयेच्या साडेतीन स्टारांवर विसंबून घरचे सगळे थिएटरात जातात, हिरमुसून परततात, आणि पुढचा खरोखर चांगला मराठी सिनेमा लागला की म्हणतात, 'ओटीटीवर येईल तेव्हा बघू.' तोवर तो सकाळी नऊच्या एकाच खेळावर येऊन ठेपलेला असतो.