डिटॉक्स एन्झाइम वाढवायचंय? मग या चुका टाळा

ग्लुटाथिओन एस-ट्रान्सफरेज, म्हणजे जीएसटी, हे यकृतात भरपूर असणारं एन्झाइम. घातक रेणूला ते ग्लुटाथिओन हा शरीरातच बनणारा छोटा रेणू जोडतं. मग तो रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि शरीराबाहेर टाकता येतो. ब्रोकोली-कोबीच्या कुळातल्या भाज्यांनी हे एन्झाइम वाढू शकतं, एवढं वाचून लोक ब्रोकोली आणतात, मऊ होईपर्यंत उकळतात आणि पाणी ओतून देतात. घोळ इथेच होतो.

एन्झाइम वाढवण्याचं खरं काम करतं ते सल्फोराफेन हे संयुग, आणि ते भाजीत तयार नसतं. भाजी चिरली की पेशी फुटतात, मायरोसिनेज नावाचं एन्झाइम भाजीतल्याच ग्लुकोराफेनिन या संयुगाला भिडतं आणि तेव्हा कुठे सल्फोराफेन बनतं. उकळल्यावर मायरोसिनेज निकामी होतं आणि ग्लुकोराफेनिनही बरंचसं पाण्यात उतरतं. म्हणून आधी बारीक चिरा, थोडा वेळ तशीच ठेवा आणि मग दोन-तीन मिनिटं नुसती वाफ द्या. फ्रोजन ब्रोकोली पॅक करण्याआधीच गरम पाण्यातून काढलेली असते, त्यामुळे तिथे चिरून थांबण्यात फारसा अर्थ नाही. तिच्यावर शिजल्यानंतर चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरा. मोहरीतही मायरोसिनेज असतं. मोहरी भाजलेली किंवा तळलेली मात्र नको. कोवळे मोड मिळाले तर उत्तमच: तीन दिवसांच्या मोडांत ग्लुकोराफेनिन पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या 10 ते 100 पट असू शकतं, हे 1997 मध्येच जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दाखवलं.

दुसरी चूक मला जास्त खटकते: डिटॉक्सच्या नावाखाली दिवसचे दिवस नुसत्या ज्यूसवर राहणं. एन्झाइम वाढलं तरी त्याला जोडायला ग्लुटाथिओन हवं, आणि ते सिस्टीन, ग्लुटामेट आणि ग्लायसिन या अमिनो आम्लांपासून बनतं. प्रथिनं बंद केली की सिस्टीनचाच तुटवडा पडतो. म्हणजे यंत्र सुरू, कच्चा माल गायब.

जीएसटी वाढेल म्हणून सेलेनियम या खनिजाच्या गोळ्या घेणं हीही चूकच. ते लागतं ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज या वेगळ्या एन्झाइमला, जीएसटीला नव्हे. प्रौढांना दिवसाला साधारण 55 मायक्रोग्रॅम पुरतं; गरज भागली की जादा सेलेनियमने ते एन्झाइम आणखी वाढत नाही. अति झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात.

आणि इतरांशी तुलना करू नका. एका प्रकारचं जीएसटी बनवणारं जीएसटीएम1 हे जनुक कित्येक धडधाकट माणसांत मुळातच नसतं, त्यामुळे एकाच ताटाचा परिणाम दोघांवर सारखा होईलच असं नाही.

वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी या भाज्या एकदम वाढवू नयेत. त्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे औषधाचा परिणाम घटतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.